गळतीचं मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. हे ज्याने म्हटलं त्याचं ऑफिस बहुधा तळमजल्यावर असावं, नाहीतर गळतीचं मूळही त्याने यात घातलं असतं. आमचं ऑफिस शेवटच्या मजल्यावर आहे. वर गच्ची, आणि तिच्यावर थेट ढग.

पहिला थेंब पडला तो तिमाही हिशेबाच्या कागदावर, नेमका 'एकूण' या शब्दावर. दुसरा माझ्या टकलावर. तिसऱ्याची वाट न बघता मी बादली आणली. इमारतीतल्या सगळ्या ऑफिसांची बैठक भरली आणि ठराव झाला, की ज्याच्या डोक्यावर थेंब त्यानेच गच्चीची पाहणी करून घ्यावी. ठराव एकमताने मंजूर झाला. माझं मत त्यात धरलेलं नव्हतं.

पाहणीची पहिली पायरी म्हणजे चावी. वॉचमनमामांनी किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा हातात ठेवला की तुरुंगाधिकाऱ्याने हेवा करावा. एकाही किल्लीवर नाव नाही. फक्त एकीला चिठ्ठी बांधलेली होती : 'गच्ची नाही'. बाकीच्या सगळ्या लावून झाल्या. शेवटी जी लागली ती तीच.

बरोबर आलेले इंजिनिअर कमी बोलणारे होते. दार आपोआप बंद होऊन आम्ही वरच अडकू नये म्हणून त्यांनी आधी दारात वीट लावली. मग मला एक नियम सांगितला : फोटो काढताना पाय हलवायचे नाहीत, आणि पाय हलवताना फोटो काढायचे नाहीत. कठड्याजवळ मागे सरकत सरकत फोटो काढणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते त्यांनी हातानेच करून दाखवलं. त्यानंतर मी दिवसभर खांबासारखा उभा राहून फोटो काढले. त्यातले निम्मे माझ्या बुटांचे आहेत.

मी मोठ्या तयारीने गेलो होतो. खाली जिन्यापासून टेबलापर्यंत पावलं मोजली होती, चौदा सरळ आणि नऊ डावीकडे. वर तितकीच मोजून मी विजयी मुद्रेने बोट दाखवलं. "इथे!" तिथे काहीच नव्हतं. तडा नाही, पोपडा नाही, साधी ओलसुद्धा नाही. इंजिनिअर म्हणाले, "साहेब, पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे." म्हणजे शिरलेलं पाणी वॉटरप्रूफिंगच्या खालून सरपटत जातं, स्लॅबमधली एखादी भेग पकडतं, तुळईच्या कडेने फिरायला निघतं आणि मन मानेल तिथे खाली उतरतं. बदलीवर आलेल्या माणसाचं मूळ गाव कुठलं हे जसं चेहऱ्यावरून कळत नाही, तसंच हे.

मग त्यांनी पिशवीतून छोटी हातोडी काढली आणि जमीन ठोकत निघाले. टण, टण, टण, आणि मधेच ढब. ढब म्हणजे खाली पोकळ, थर सुटलेला. ते कान देऊन ऐकत होते, म्हणून मीही ऐकू लागलो. दहा मिनिटांत मला त्यातलं कळायला लागलं, निदान तसं वाटायला तरी लागलं. ढब आला की आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो, मैफलीत सम आल्यावर रसिक हलवतात तशी.

पण खरी गंमत गच्चीवर लोकांनी जे करून ठेवलं होतं त्यात होती. प्रत्येक मजल्यावरचं कुणीतरी कधीतरी वर येऊन आपलं काम उरकून गेलं होतं. कुणी एसीचा सांगाडा बसवताना वॉटरप्रूफिंगच्या थरातून सरळ चार बोल्ट ठोकले होते. कुणी केबलसाठी भोक पाडून त्यात कापड कोंबलं होतं. बंद पडलेल्या एका ऑफिसचा बोर्ड कठड्याला टेकून ऊन खात होता, आणि एक तीन पायांची खुर्ची उगाचच अध्यक्षस्थानी होती. कठडा आणि जमीन जिथे मिळतात तिथल्या भेगेत वीतभर उंचीचं रोपटं उगवलं होतं. मला ते गोड वाटलं. इंजिनिअरना नाही. त्याची मुळं आत काय करत असतील, यावर ते प्रथमच तीन वाक्यं बोलले.

एका कोपऱ्यात डबकं होतं. पाऊस थांबून ४८ तास झाले तरी जे पाणी हटत नाही ते तुंबलेलं धरायचं, असा हिशेब. सपाट दिसणाऱ्या गच्चीलाही ढाळ द्यावा लागतो, मीटरला निदान सेंटीमीटरभर. हे डबकं पक्कं मुरलेलं होतं. त्यात शेवाळ होतं आणि एक कबुतर आंघोळ करत होतं. जवळच पाणी जायचं तोंड. इंजिनिअर गुडघ्यावर बसले, जाळी उचलली आणि अडलेल्या गाईची सुटका करणाऱ्या डॉक्टरासारखा कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर निघालं ते असं : पालापाचोळा, पिसं, एक हातमोजा, बॅडमिंटनचं फूल आणि प्लॅस्टिकची पिशवी. एवढ्या पाण्याचा रस्ता अडवायला ती एक पिशवी पुरेशी असते म्हणे.

संशयित सतरा निघाले. गुन्हा कबूल करायला एकही तयार नाही. म्हणून पाणी भरून चाचणी करायचं ठरलं. गच्ची किती वजन पेलेल हे इंजिनिअरनी आधी नकाशांवरून तपासलं, मग पाणी जायची तोंडं बुचं मारून बंद केली, आणि आमच्या ४०० चौरस मीटरवर २५ मिलिमीटर पाणी भरलं. ऐकायला हे बोटभरसुद्धा वाटत नाही. मी गणित केलं, आणि करायला नको होतं असं वाटलं. १०,००० लिटर. म्हणजे १० टन. आणि खाली मी, हातात बादली.

२४ तास आम्ही वर बघत बसलो. ऑफिसातलं कुणी शिंकलं तरी मी दचकत होतो. एक थेंब पडेल तर शपथ! ज्या गच्चीवर आम्ही सतरा ठपके ठेवले होते ती १० टन पाणी पोटात घेऊन शांत पडून होती. वरून मामा दर दोन तासांनी फोन करून विचारत, "आलं का?" प्रसूतिगृहाबाहेर उभं असल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर निरुत्तर होऊन वर गेले आणि बुचं काढली. पाणी घळघळत निघालं. दहाव्या मिनिटाला माझ्या टकलावर टप्प!

आयुष्यात गळतीने मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी ओरडलो, मामा धावत आले, स्टुलावर चढून आम्ही छताखालचा तक्ता सरकवला. गच्चीचं पाणी नेणारा पाइप तिथून आडवा गेला होता आणि त्याच्या जोडातली रबरी रिंग जागची सरकली होती. पाइपातून पाणी वाहिलं तरच गळायचं, बुच मारलं की बंद. पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे, हे मी एव्हाना पाठ केलं होतं. हे मात्र माझ्या डोक्यावर बरोबर दोन फुटांवर होतं.

अहवाल आला तो सतरा दोषांचा, फोटोंसह. एका फोटोत माझे बूट आहेत. पाइपाबद्दल शेवटी एक ओळ : तो गच्चीच्या पाहणीत मोडत नाही, प्लंबरला दाखवावा.

प्लंबर काल आला. त्याने तक्ता सरकवला, टॉर्च मारून बराच वेळ पाइपाकडे बघितलं, मग खाली उतरून हात पुसत विचारलं, "गच्चीची चावी कुणाकडे असते?"