रंगाला रंग लावा म्हणे! आयपॉड-टीव्हीच्या त्या फॉरवर्डबद्दल

सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज आलाय. 'जुना आयपॉड, एमपी फोर प्लेअर भंगारात देऊ नका, पाच मिनिटांत टीव्हीला जोडा', खाली पाच स्टेप्स आणि शेवटी दहा हात जोडलेले. ऑफिसच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, पण आमच्या कर्वेनगरच्या आत्याने तो मनावर घेतला आणि माझा अख्खा शनिवार गेला, म्हणून हे लिहितोय.

आत्याकडे माझ्या भावाचा जुना आयपॉड क्लासिक आहे, म्हणजे अ‍ॅपल कंपनीचा खिशातला गाणी-व्हिडिओचा प्लेअर, २००८ सालचा. त्यात त्याच्या मुंजीचा व्हिडिओ आहे, सीडी कधीच खराब झाली, कॉम्प्युटर विकला, उरला फक्त हा डबा. मेसेज वाचून ती स्वतः जाऊन केबल घेऊन आली आणि मला फोन, "अरे, लावलं सगळं, टीव्ही नुसता निळा दिसतोय."

आता मेसेजची पहिली स्टेप बघा. 'कुठलीही तीन रंगांची एव्ही केबल घ्या, पिन हेडफोनच्या भोकात, रंगाला रंग लावा.' एव्ही म्हणजे ऑडिओ-व्हिडिओ, रंगांप्रमाणे पिवळी पिन चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. खरी गोम इथेच आहे. त्या पिनेवर नीट बघितलं तर तीन काळ्या रेघा दिसतील, म्हणजे पिनेचे चार तुकडे, डावा आवाज, उजवा आवाज, चित्र आणि अर्थिंग. कुठल्या तुकड्यात काय जाणार हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलंय. पिन सगळ्यांची सारखी, आतली वाटणी वेगळी. २००५ साली व्हिडिओवाला आयपॉड आला त्याला हँडीकॅमची केबल लावली तर चित्र पिवळ्यात येतच नाही, ते येतं लाल वायरीत! म्हणजे लाल पिन टीव्हीच्या पिवळ्या भोकात घालायची आणि उरलेल्या दोन आवाजाच्या भोकांत. रंगाला रंग लावणारा माणूस टीव्हीसमोर बसून स्पीकरमधली घरघर ऐकत राहणार. आणि अर्थिंगचा तुकडाच दुसरीकडे असेल तर अदलाबदल करूनही उपयोग नाही, मल्टीमीटर (वायरी तपासायचं यंत्र) असेल तर दोन मिनिटांत कळतं कुठली वायर कुठे जाते, नसेल तर दुकानात प्लेअर घेऊनच जा आणि तिथेच लावून बघा.

पण आत्याचा प्रॉब्लेम त्याच्याही पुढचा होता. २००७ पासूनच्या आयपॉड क्लासिकमध्ये हेडफोनच्या भोकातून चित्र बाहेर येणं कंपनीने बंदच केलं. चित्र फक्त खालच्या चपट्या तीस पिनांच्या सॉकेटमधून, तेही केबलमध्ये ओळख पटवणारी चिप असेल तरच. प्लेअर आधी त्या चिपला विचारणार, तू आमच्यातली का, उत्तर आलं नाही की चित्र सोडतच नाही. त्यामुळे आत्याने पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, ती अख्खी तपकीर गल्ली पालथी घातली असती तरी हेडफोनच्या भोकातली कुठलीच केबल चालली नसती. हे त्या मेसेजमध्ये एका ओळीत लिहायला काय जात होतं?

आणि केबल बरोबर असली तरी प्लेअरला सांगावं लागतं की बाबा टीव्हीवर दाखव. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये 'टीव्ही आउट' ऑन करायचं, सिग्नल पाल (पीएएल, टीव्हीच्या सिग्नलची एक पद्धत) ठेवायचा. आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं तेव्हापासून पालच. एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली पद्धत, राहिलं तर नवे टीव्ही बहुतेक वेळा चालवून घेतात, पण जुन्या डब्बा टीव्हीवर चित्र काळंपांढरं येतं नाहीतर वरखाली पळत सुटतं.

दुसरी स्टेप म्हणे 'केबल नसेल तर चार्जिंगची वायर टीव्हीच्या यूएसबीत लावा, सगळं दिसेल'. दिसेल काय, तर चार्जिंगचं चिन्ह. टीव्हीचं यूएसबी भोक चित्र आत घेत नाही, ते पेनड्राइव्हवरच्या फाइली वाचायला आहे. तुमचा प्लेअर स्वतःला पेनड्राइव्ह म्हणवून घेत असेल आणि त्यातल्या फाइली उघड्या असतील तर जमतं, काही स्वस्त एमपी फोरवाल्यांचं खरंच जमतं, त्यांना नशीबवान म्हणा. आयपॉडमध्ये मात्र सगळं लपवलेल्या फोल्डरमध्ये असतं, वर फाइलींची नावं चार अक्षरी काहीतरी अगम्य, त्यामुळे बऱ्याचदा टीव्हीला तो रिकामाच वाटतो. आणि मॅकवर फॉरमॅट केलेला असेल तर विषयच संपला.

तिसऱ्या स्टेपचा मला सगळ्यात जास्त राग आहे कारण त्यात मीच फसलोय, आत्याच्याही आधी. 'नवीन टीव्हीला पिवळं भोक नसेल तर एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंग अशी केबल मिळते, ती घ्या.' मिळते, हो. दुकानदाराने छातीठोकपणे दिली, मी घरी येऊन लावली, काही नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर म्हणे "साहेब, तुमच्या टीव्हीचा इश्यू असेल." अहो टीव्हीचा कसला इश्यू? जुन्या एव्हीचा सिग्नल अ‍ॅनालॉग, एचडीएमआय डिजिटल, मधे कोणीतरी बसून भाषांतर करायला नको का, नुसत्या तांब्याच्या वायरीने ते कसं होणार? त्याला कन्व्हर्टरची डबी लागते, तिला वेगळा पाच व्होल्टचा करंट द्यावा लागतो, आणि ती एकाच दिशेने चालते. 'एव्ही टू एचडीएमआय' हवी, 'एचडीएमआय टू एव्ही' घेतली तर उलटी गंगा. डबीवर बाण असतो तो बघून घ्या. आणि हो, डबी घ्यायच्या आधी टीव्हीची मागची बाजू नीट तपासा, पिवळं भोक नसलं तरी 'एव्ही इन' लिहिलेलं हेडफोनसारखं बारीक भोक असू शकतं, काही टीव्हींत हिरवं भोकच पिवळ्याचं पण काम करतं. फक्त शेजारच्या खऱ्याखुऱ्या हेडफोनच्या भोकात घालू नका, ते आवाज बाहेर काढायला आहे, दिसायला दोन्ही जुळी भावंडं.

चौथं, 'फोर के टीव्हीवर जुना व्हिडिओ आपोआप फोर के होतो'. हे वाचून हसू आलं. त्या आयपॉडमधून टीव्हीला जास्तीत जास्त ६४० बाय ४८० ठिपके जातात. फोर के म्हणजे ३८४० बाय २१६०. हिशोब केला तर बरोबर २७ पट. म्हणजे तुमचा एक ठिपका टीव्हीला २७ ठिपक्यांवर पसरायचाय, तो काय करणार, आजूबाजूचं बघून अंदाज बांधणार आणि कडा गुळगुळीत करणार. मुंजीतल्या भटजींचा चेहरा त्यात नव्हताच तर तो येणार कुठून. थोडं लांब बसा, बरं दिसतं.

पाचवं, 'प्लेअरचा आवाज फुल ठेवा'. नका ठेवू, आवाज फाटतो. तीनचतुर्थांश ठेवा आणि बाकीचा टीव्हीच्या रिमोटने वाढवा.

तर आत्याचं काय झालं. चिपवाली केबल शोधत बसण्यापेक्षा मी आयपॉड माझ्या विंडोजच्या लॅपटॉपला लावला, लपलेले फोल्डर दाखव म्हटलं, आतल्या म्युझिकच्या फोल्डरात गेलो आणि फाइली साइझने लावल्या. गाणी छोटी, व्हिडिओ मोठा, वर पहिलाच निघाला. फाइलच्या नावाच्या शेवटचं एम४व्ही बदलून एमपी४ केलं, पेनड्राइव्हवर टाकला, टीव्हीला लावला, चालू. घरचाच व्हिडिओ म्हणून इतकं सोपं झालं, विकत घेतलेल्या सिनेमाला कुलूप असतं, तो असा चालत नाही.

आत्याने मुंज दोनदा बघितली, दुसऱ्यांदा फक्त पंगत, कोण कोण आलं होतं ते मोजायला. ती तीन रंगांची केबल मी टाकून देतो म्हटलं तर हातातून काढून घेतली, "असू दे रे, लागेल कधीतरी." आता ती फ्रीजवर पडलीये.