दहाव्या नंबरवर बसून ट्रेड कसा करावा

मुंबई इंडियन्सचा आयपीएल २०२४ चा मोसम एकदाचा आटोपला. चौदा सामने, चार विजय, दहा पराभव आणि दहावा नंबर. अकरावा संघच नाही म्हणून दहावा. प्लेऑफच्या शर्यतीतून सर्वांत आधी बाहेर पडण्याचा मान तर ८ मेलाच पटकावला होता, तोही मैदानात न उतरता. हैदराबादने लखनऊचं लक्ष्य दहा षटकांच्या आत संपवलं आणि आपला बाजार उठला. अशा वेळी साधा माणूस टीव्ही बंद करतो आणि आंबे खातो. पण तुम्ही साधे नाही. तुम्ही पलटण, मुंबईचे चाहते. तुमचं खरं काम, म्हणजे ट्रेड, संघासंघांत खेळाडूंची अदलाबदल, आत्ता कुठे सुरू होतंय.

हे मार्गदर्शन करायची सुबुद्धी मला शनिवारी डोंबिवलीत एका बारशाला झाली. आदल्या रात्री वानखेडेवर शेवटचा सामनाही लखनऊने नेला होता. मी ताट घेऊन कोपऱ्यातली खुर्ची गाठली, तर शेजारी बाळाचा मामा येऊन टेकला. "काका, रोहित गेलाच समजा," ही त्याची सुरुवात. मसालेभात संपेपर्यंत त्याने रोहितला चेन्नईला पाठवून बदल्यात ऋतुराज आणि पथिराना आणले होते. मठ्ठा येईपर्यंत ईशान किशन लखनऊला देऊन पूरन घेतला, "वर दोन कोटी सुटतात." मी जिलबीकडे बघत होतो, तो माझ्याकडे बघत होता. मग पाळण्याशी जाऊन बाळाचं निरीक्षण झालं. "डावी मूठ बघा कशी वळतोय. डावखुरा आहे. आपल्याला डावखुराच हवाय." बाळ बारा दिवसांचं. त्याचं नावही अजून ठेवायचं होतं.

तर मामांसारखं व्हायचं असेल, तर पुढील गोष्टी कराव्यात.

सर्वप्रथम, नियम वाचू नयेत. मोसम चालू असताना ट्रेडची खिडकी बंद असते, खेळाडूची संमती लागते, समोरच्या संघालाही डोकं असतं, असल्या फालतू माहितीने प्रतिभा खुंटते. यंदा तर पुढे मेगा ऑक्शन आहे. म्हणजे मोजके खेळाडू राखायचे आणि बाकी सगळे लिलावात सोडायचे. मागच्या खेपेला चारच राखता आले होते: रोहित १६ कोटी, बुमराह १२, सूर्या ८, पोलार्ड ६. जो संघ चार-सहा महिन्यांत मोडणारच आहे, त्यातली माणसं कुणाशी बदलायची, हा प्रश्न तुम्हाला पडता कामा नये. पडला तर तुम्ही पंडित नाही, प्रेक्षक आहात.

आपण द्यायचा तो कायम फॉर्म गेलेला, घ्यायचा तो कायम फॉर्मात असलेला, आणि वर पैसेही आपल्यालाच परत.

दर तिसऱ्या वाक्यात "पर्स" म्हणावं, म्हणजे खेळाडू घ्यायला संघाच्या हातात असलेली रक्कम.

चांगला झालेला ट्रेड लक्षात ठेवू नये. गेल्या नोव्हेंबरात लखनऊकडून रोमारियो शेफर्ड ५० लाखांत आला. ७ एप्रिलला दिल्लीविरुद्ध त्याने नॉर्कियाच्या शेवटच्या षटकात ३२ धावा कुटल्या, दहा चेंडूंत नाबाद ३९, आणि सलग तीन पराभवांनंतर मोसमातला पहिला विजय मिळाला. यावर बारशाला एक शब्द निघाला नाही. पन्नास लाखांत चर्चा होत नाही हो, चर्चेला किमान दहा कोटी लागतात.

आता होतकरू पोरांचं. हा विषय नीट समजून घ्या, कारण इथेच खरा पंडित ओळखू येतो. पोरगा जोवर आपल्याकडे नाही, तोवर तो पुढचा तेंडुलकर. आपल्याकडे आला आणि एकदा चुकला, की "याला कुणी घेतला?" त्या क्वेना माफाकाचं बघा. जानेवारी-फेब्रुवारीत १९ वर्षांखालच्या विश्वचषकात २१ विकेट घेऊन स्पर्धेचा मानकरी झालेला पोरगा. मधुशंकाला दुखापत झाली म्हणून बोलावला. २७ मार्चला हैदराबादेत पदार्पण, समोर हेड, अभिषेक आणि क्लासेन, आणि त्या दिवशी हैदराबादने २७७ केल्या. पोराच्या चार षटकांत ६६. अठरा पूर्ण व्हायचे होते त्याला! त्याच्या वयाची आपल्याकडची पोरं बारावीच्या निकालाची वाट बघत होती. आणि चाळिशी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढणारी माणसं सोफ्यावरून सांगत होती, "याच्यात दम नाही." त्या रात्री बाकीच्यांनी काय कमी मार खाल्ला होता? कर्णधार हार्दिक पंड्याची चार षटकं ४६ ला गेली, कोएत्झीची ५७ ला. पण बोट दाखवायला पोरगा बरा, तो उलट बोलत नाही, त्याला मराठीही येत नाही.

आणि नमन धीर. १ एप्रिलला राजस्थानच्या बोल्टने रोहित, धीर आणि ब्रेव्हिस तिघांनाही पहिल्याच चेंडूवर घालवलं. रोहितच्या शून्याला "होतं असं कधीतरी", धीरच्या शून्याला "याला सोडा, याचे वीस लाख वाचतात". वीस लाख! कोटींच्या पर्समधून वीस लाख वाचवून तुम्ही काय घेणार होता, कव्हर ड्राइव्ह? मग शुक्रवारी त्याच धीरने सामना हातातून गेलेला असताना २८ चेंडूंत नाबाद ६२ केल्या. शनिवारी मामा म्हणाला, "हा पोरगा मी पहिल्या दिवसापासून ओळखला होता." मी एप्रिलातलं त्याचं बोलणं काढून दाखवणार होतो, पण पाळण्याची गाणी सुरू झाली.

असेच पंडित संघ चालवत असते तर काय झालं असतं, हे आठवून बघा. सूर्यकुमार २०१२ मध्ये मुंबईसाठी एकच सामना खेळला आणि त्यात शून्यावर गेला. पुढे सोडून दिला, कोलकात्याने वाढवला, २०१८ ला ३.२ कोटी मोजून परत आणावा लागला. बुमराहला पहिल्या तीन मोसमांत मिळून पंधरा विकेटही मिळाल्या नव्हत्या. तेव्हा तुम्ही निवडीला असता तर तो कधीच "दुसऱ्या फेरीतल्या ड्राफ्ट पिकच्या बदल्यात" गेला असता. (हो, ड्राफ्ट पिक. मामा अमेरिकेतलं बास्केटबॉलही बघतो म्हणे. आयपीएलमध्ये असलं काही नसतं, हे सांगायचं धाडस मला झालं नाही.) यंदा दहाव्या नंबरच्या संघात राहून बुमराहने वीस विकेट काढल्या, षटकामागे साडेसहाच्या आत धावा देऊन. ज्या मोसमात संघ अडीचशे काढूनही हरत होते त्या मोसमात. त्याबद्दल कोण बोलतंय?

हार्दिकबद्दल मात्र सगळे बोलतात. इथे एक कौशल्य लागतं ते विसरण्याचं. २०२१ च्या अखेरीस मुंबईने त्याला राखला नाही तेव्हा "घरचा पोरगा घालवला" म्हणून गळे काढले होते ते विसरावं. गुजरातने त्याच्या हाताखाली २०२२ चा चषक जिंकला तेव्हा "आपण काय गमावलं बघा" म्हणालो तेही विसरावं. नोव्हेंबरात ग्रीनला साडेसतरा कोटींना बंगळुरूला देऊन पर्स मोकळी झाली आणि हार्दिक परत आला, तेव्हा दोन आठवडे "मास्टरस्ट्रोक" चाललं होतं, ते तर मुळीच आठवू नये. १५ डिसेंबरला रोहितच्या जागी त्याचं कर्णधारपद जाहीर झालं तेवढंच लक्षात ठेवावं, आणि कंठशोष सुरू करावा.

अहमदाबादवाल्यांनी हुर्यो उडवली हे एकवेळ समजू शकतो, त्यांचा कर्णधार पळवला होता. पण १ एप्रिलला वानखेडेवर? स्वतःच्या घरात? नाणेफेकीला संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना सांगावं लागलं, जरा नीट वागा. १४ एप्रिलला धोनीने हार्दिकला सलग तीन षटकार मारले, चार चेंडूंत वीस धावा केल्या, आणि वानखेडे नाचलं. आपण हरलो किती धावांनी? वीसच. रोहितचं नाबाद शतक त्यात वाया गेलं, ज्याच्या नावाने तुम्ही हे सगळं करत होता त्याचं!

आता सरळच बोलतो. कर्णधार कोण, हे हार्दिकने ठरवलं नाही. मालकांनी ठरवलं. मालकांना हुर्यो करायची तुमची हिंमत नाही, कारण ते बॉक्समध्ये बसतात आणि तुम्हाला ऐकू जात नाही. म्हणून जो सीमारेषेवर तुमच्या समोर उभा आहे त्याच्यावर ओरडता. जून २०२४ मध्ये तो भारताचा उपकर्णधार म्हणून विश्वचषक खेळेल, एखादं षटक चांगलं टाकेल, आणि तुम्ही लगेच "आपला हार्दिक" करून स्टेटस ठेवाल. लाज कशी वाटत नाही?

आणि पोरं नाहीत, पोरं नाहीत म्हणून जे रडताय ना, फेब्रुवारीत कुठे होता? रणजीच्या उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे, दहाव्या आणि अकराव्या नंबरवर येऊन दोघांनी शतकं ठोकली. बीकेसीत. देशपांडे कल्याणचा, मामांच्या घरापासून दोन स्टेशनं. आयपीएलमध्ये २०२४ पर्यंत पिवळी जर्सी घालायचा म्हणून मामांना तो "चेन्नईचा तो बोलर" एवढाच माहीत. मार्चमध्ये वानखेडेवर फायनल झाली, मुंबई विरुद्ध विदर्भ. दोन्ही संघ आपलेच. एकोणीस वर्षांच्या मुशीर खानने दुसऱ्या डावात १३६ काढल्या. शेवटच्या दिवशी अक्षय वाडकरने शतक ठोकून मुंबईला घाम फोडला. धवल कुलकर्णीने आपल्या शेवटच्या सामन्यातली शेवटची विकेट काढली आणि बेचाळिसावा रणजी करंडक आला. पाच दिवस चाललं होतं हे. रणजीला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पर्स लागत नाही, चर्चगेटला उतरून दहा मिनिटं चालायचं. तुमच्यापैकी एकाचंही तोंड तिथे दिसलं नाही, आणि आता मला विचारता, काका, आपल्याकडे पोरं कुठायत?