वेळासच्या घरांची आठवण झाली

एका वर्षावनात गावकरीच मिळून पर्यटकांसाठी लॉज चालवतात असं नुकतंच वाचलं आणि मला थेट कोकणात मंडणगड तालुक्यातलं आमचं कासवांचं गाव वेळास आठवलं, तिथेही लोकांच्या घरातच राहायचं, पडवीत पंगत, पानात उकडीचे मोदक, आणि भल्या सकाळी काकू हाक मारणार, उठा रे, पिल्लं सोडायची वेळ झाली! २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाला सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आधी अंडी सर्रास चोरीला जायची. एका घरट्यात शंभरेक अंडी, साधारण ५० दिवसांनी पिल्लं बाहेर. पर्यटकांचे पैसेही गावातच राहतात, म्हणून एसी नाही अशी कुरकुर ऐकली की खरंच वाईट वाटतं. आणि प्लीज, पिल्लांवर टॉर्च, फ्लॅश मारू नका, उजेडाने ती भरकटतात.