परदेशातून: शकुंतलेची पट्टी तेवढी तुटू देऊ नका

मागच्या महिन्यात आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर शकुंतलेवरून परत एकदा वाजलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शकुंतला म्हणजे आमची वऱ्हाडातली नॅरोगेज गाडी, मूर्तिजापूरवरून एक फाटा यवतमाळला 113 किलोमीटर आणि दुसरा अचलपूरला 77 किलोमीटर. कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायला इंग्रजांच्या काळात बांधली, पुढे रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हाही ही लाईन खाजगी कंपनीच्या मालकीचीच राहिली, आणि गेली कित्येक वर्षं ती बंद पडून आहे. ब्रॉडगेजची घोषणा झालेली आहे, मागणी चालू आहे, आंदोलनं झाली. वाद असा की एक गट म्हणतो आता वर्ध्यावरून यवतमाळला ब्रॉडगेज येतेच आहे, वर्धा ते कळंब गाडी 2024 च्या फेब्रुवारीत सुरूही झाली, मग रुळांखालच्या जमिनीच्या जुन्या पट्टीचं काय लोणचं घालायचं का, ती जागा रस्त्याला द्या नाहीतर दुकानांना द्या. दुसरा गट म्हणतो एक इंच सोडायचा नाही, गाडीच पाहिजे.

मी मध्ये एवढंच लिहिलं की गाडी येईपर्यंत तिथे निदान चालायची वाट करा, तर मामाचा लगेच व्हॉइस मेसेज आला, "तुह्या त्या इंग्लंडात असन बापा हे, आपल्याकडं पायी चालाची सोय काय कराची, लोकाईले गाडी पाह्यजे गाडी."

मामाचं म्हणणं मला अजिबात खोडायचं नाहीये, पण मी हे का लिहिलं ते ग्रुपवर चार ओळीत मावलं नसतं म्हणून इथे लिहितोय.

आम्ही राहतो स्टॉकपोर्टला, मँचेस्टरला लागूनच, आणि आधी एक गोष्ट सांगतो जी मला इथे आल्यावर कळली आणि तेव्हापासून मनातून जातच नाही. शकुंतला ओढणारं ते वाफेचं इंजिन 1921 साली याच मँचेस्टरमध्ये बनलं होतं, 1923 पासून ते थेट 1994 पर्यंत आमच्याकडे चाललं, एप्रिल 94 मध्ये डिझेल आलं. म्हणजे ज्या इंजिनाची शिट्टी ऐकून आई घड्याळ लावायची ते इंजिन मी आज जिथे भाजी घ्यायला जातो तिथून थोड्याच अंतरावर तयार झालं.

तर मागच्या उन्हाळ्यात आई तीन महिने इथे होती. वय 71, उजवा गुडघा गेलेला, आणि आमची धाकटी अजून बाबागाडीत, त्यामुळे डोंगर चढायचा प्रश्नच नव्हता. इथून तासाभराच्या अंतरावर डर्बीशायरमध्ये मॉन्सल ट्रेल म्हणून आहे, पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कमध्ये, तिथे घेऊन गेलो. बेकवेलपासून बक्सटनच्या अलीकडेपर्यंत साधारण 14 किलोमीटरची वाट, खाली वाय नदी वळणं घेत जाते आणि वर ही वाट जवळजवळ सपाट, कारण ती वाट नाहीच मुळात, ती रेल्वेलाईन आहे. रूळ 1863 साली पडले, 1968 ला लाईन बंद झाली. आगगाडीला चढ झेपत नाही म्हणून तेव्हा लोकांनी डोंगर फोडले, दरीवर पूल घातले आणि सगळं एका पातळीत आणलं, आणि त्याचा फायदा आज कोणाला होतोय तर माझ्या आईच्या गुडघ्याला.

आम्ही मिलर्स डेल स्टेशनवर गाडी लावली. हे स्टेशन एकेकाळी जंक्शन होतं, आता प्लॅटफॉर्म तसेच आहेत, इमारतीत चहा मिळतो, आणि दोन फलाटांच्या मध्ये जिथे रूळ होते तिथे बारीक खडी दाबून बसवलेली. आईने फलाटाच्या कडेला उभं राहून खाली वाकून बघितलं, अगदी गाडी येते का बघतात तसं. मग म्हणाली, "गाडी कुठं गेली इथली?" मी म्हटलं बंद झाली, 50 वर्षांच्या वर झाली. ती म्हणाली, "आणि जागा कोणी नाही घेतली?"

हा प्रश्न मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे येतो.

पुढे दोन बोगदे लागतात, लिटन आणि क्रेसब्रुक, दोन्ही चारशे मीटरच्या वर. दिवसा आत दिवे असतात. आत शिरलं की एकदम गारवा, पोरगा ओरडून आवाज परत येतो का बघत पुढे पळाला, आणि आईने चालता चालता भिंतीला हात लावला आणि बोटं माझ्यासमोर धरली, काळी झाली होती. एवढ्या वर्षांपूर्वीची काजळी. तिने ती पदराला पुसली नाही, बोगद्याच्या बाहेर उजेडात येऊन परत बघितली आणि मग सांगत बसली की माहेरी जाताना शकुंतलेत खिडकीजवळ बसलं की लुगड्यावर असेच ठिपके पडायचे, गार्डच खाली उतरून तिकीट द्यायचा, आणि गाडी इतकी सावकाश की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. दोन बोगद्यांच्या मधल्या बाकावर बसून आम्ही डबा खाल्ला, पोळ्या आणि लसणाची चटणी, खाली नदी. येऊन जाऊन पाचेक किलोमीटर झाले असतील आणि तिने एकदाही बसू का म्हणून विचारलं नाही.

हे बोगदे पूर्वी बंद होते बरं का, 2011 मध्ये उघडले. ट्रेल 1981 पासून होती पण बोगदा आला की लोकांना वरून चढउतार करून वळसा घालावा लागायचा, म्हणजे बाबागाडीवाले आणि म्हातारी माणसं तिथूनच मागे फिरायची. उघडल्यावर सगळं कुटुंब सलग जायला लागलं. सलग हा शब्द लक्षात ठेवा.

आता इथलं सगळं छान आणि आपलं सगळं वाईट असं मी म्हणत नाहीये, कारण ते खरं नाही. बेकवेलला आजही रेल्वे नाही. 1963 च्या बीचिंग रिपोर्टनंतर, म्हणजे तोट्यातल्या लाईन बंद करा सांगणाऱ्या सरकारी अहवालानंतर, या देशाने हजारो मैल लाईन बंद केल्या, गावंच्या गावं तुटली, आणि कितीतरी ठिकाणी पट्टी तुकड्यातुकड्याने विकली, पूल पाडले, वर घरं झाली. आज त्यातली एखादी लाईन परत सुरू करायची म्हटलं तर खर्च ऐकूनच माणसं गप्प बसतात. आईनेही परत येताना बरोबर पकडलं मला, "चालाले यायसाठी मोटारच लागली ना?" खरंय. तेव्हा मामाची भीती मला समजते, एकदा वाट झाली की गाडी कायमची गेली असं त्याला वाटतं, आणि मॉन्सललाही आज नेमका तोच वाद चालू आहे. काही लोकांना तिथे परत रेल्वे पाहिजे, ट्रेलवाले म्हणतात आमची वाट जाईल. पण वाद घालायला तरी जागा शिल्लक आहे ना! नॅशनल पार्कने 1980 मध्ये ती पट्टी ताब्यात घेतली म्हणून बोगदे, पूल, सगळं एका मालकाकडे आणि वापरात राहिलं. अमेरिकेत तर 1983 पासून कायद्यातच तरतूद आहे की बंद लाईनवर वाट करा पण पट्टी अखंड ठेवा, उद्या रेल्वे लागली तर परत घेता येईल.

माझं म्हणणं एवढंच आहे. शकुंतला यावी, ब्रॉडगेज होऊन यावी, पहिली मागणी तीच. पण तोपर्यंत पट्टी मोकळी आणि सलग राहावी, आणि ती मोकळी राहायचा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे रोज सकाळी त्यावरून पन्नास माणसं चालणं. वापरातल्या जागेवर कोणी गोठा बांधायला धजत नाही. दोन वर्षांपूर्वी मी शकुंतलेच्या दारव्हा मोतीबाग स्टेशनवर गेलो होतो, रुळांमधून बाभळी उगवल्या आहेत, थोडं पुढे कोणीतरी कडब्याची गंजी लावली आहे. शेतात जायच्या पांदण रस्त्यांचं काय झालं ते आपण बघितलंय, नकाशात तेहतीस फूट आणि जाग्यावर बैलगाडी जाईना, दरवर्षी शेजारच्या शेताचा नांगर एकेक तास आत सरकलेला. रेल्वेच्या पट्टीचंही तेच होईल आणि मग उद्या ब्रॉडगेज मंजूर झाली तरी दहा वर्षं भूसंपादनात जातील.

आणि चालायची सोय ही काही परदेशी चैन नाहीये. आमच्या गावात बाया सकाळी पाचला हायवेच्या कडेने फिरायला जातात, अंधारात, बाजूने ट्रक. डॉक्टर प्रत्येकीला सांगतो रोज चाला, कुठे चाला ते सांगत नाही. उन्हाचं म्हणाल तर मान्य, मे महिन्यात 45 डिग्रीला कोणी चालणार नाही, पण सकाळी सातपर्यंत चालता येतं आणि कडेने निंब लावले तर आठपर्यंत. रूळ काढायचीही गरज नाही, शेजारी आठ फूट मुरूम दाबून दिला तरी पुरे, आणि स्टेशनवर एक हापसा आणि बाक.

गेल्या रविवारी आईचा फोन आला. ती आणि शेजारच्या काकू सकाळी स्टेशनवर गेल्या होत्या, मला न सांगता. फलाटावरून उतरून रुळाच्या कडेकडेने जुन्या सिग्नलपर्यंत गेल्या, तिथे बाभळीचा काटा काकूंच्या चपलेतून आरपार गेला म्हणून परतल्या. आई म्हणाली, दोन विळे आणि चार माणसं असली तर पुढच्या पुलापर्यंत जाता येईल, तू दिवाळीला येतोयस ना.