शिक्का, लॉट आणि भट्टी : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, नमस्कार.

भरवशाच्या कपॅसिटरवरच्या (म्हणजे सर्किटमध्ये वीज थोडा वेळ साठवून ठेवणाऱ्या भागावरच्या) माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया खरमरीत आहे. पण ती लेख नीट वाचून दिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. 'मिलिटरी ग्रेड' म्हणजे त्याच मशीनवरचा तोच माल, फक्त जास्त तपासलेला. वर शिक्का आणि किंमत तीस-चाळीस पट. कपॅसिटर खरा सुधारला तो जपान्यांच्या रेडिओ-टीव्हीसाठी, अमेरिकन लष्कराच्या कागदांमुळे नाही. एवढं पारखून घेऊनही व्हॉयेजर-२ या अवकाशयानावरचा कपॅसिटर आठ महिन्यांच्या आत गेलाच, मग भरवसा कसला? आणि जाता जाता एक प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरला असा माल लावावा का?

"तपासून माल चांगला होत नसतो, तो चांगला बनवावा लागतो," असं तुम्ही लिहिलंय. माझी उभी नोकरी आवक मालाच्या तपासणीत गेली, तेव्हा हे मला वेगळं पटवायला नको. सडका लॉट (एका खेपेत बनलेला माल) तीनदा तपासला, तर हातात उरतो तीनदा तपासलेला सडका लॉट. पण याच वाक्याच्या जोरावर तुम्ही 'म्हणून हे सगळं थोतांड' म्हणता, तिथे आपलं फाटतं. या कपॅसिटरच्या इतिहासातली मोठी पावलं तपासणीच्या टेबलावर पडलेलीच नाहीत. ती भट्टीपाशी आणि आम्लाच्या टाकीपाशी पडली.

टँटलम या धातूच्या कपॅसिटरचंच बघा. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत ट्रान्झिस्टरच्या जोडीला शोभेल असा छोटा कपॅसिटर हवा होता. कपॅसिटरमधलं द्रव काढून त्याजागी घन मँगनीज डायऑक्साइड भरायचं ही कल्पना तिथे आकाराला आली. विकता येईल असा माल मात्र मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ ॲडम्सच्या स्प्रेग इलेक्ट्रिकने काढला. तिथल्या प्रेस्टन रॉबिन्सनला १९५४ च्या सुमारास त्याचं श्रेय दिलं जातं.

कृती अशी. टँटलमची बारीक भुकटी एका तारेभोवती दाबून वडी करायची आणि ती निर्वात भट्टीत दीड ते दोन हजार अंश सेल्सिअसला तापवायची. कण एकमेकांना चिकटतात, पण मधली भोकं तशीच राहतात. त्यामुळे इवल्याशा वडीत पृष्ठभाग प्रचंड मिळतो. मग ती पातळ आम्लात बुडवून तिला व्होल्टेज द्यायचं. टँटलमवर वीज अडवणारा ऑक्साइडचा थर चढतो, व्होल्टमागे साधारण दोन नॅनोमीटर, आणि थर जाड होत जाईल तसा वडीचा रंग बदलत जातो. शंभर व्होल्टपर्यंत नेलं तरी थर मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढाच. सगळा कपॅसिटर म्हणजे हा थर. पुढे वडी मँगनीज नायट्रेटच्या द्रावणात बुडवून भट्टीत घालायची. तपकिरी वायू निघून जातो आणि भोकांच्या आत काळा मँगनीज डायऑक्साइड बसतो. एकदा करून भागत नाही. बुडवा, भाजा, परत बुडवा, परत भाजा.

गोम इथेच आहे. दर वेळच्या उष्णतेने आणि सुटणाऱ्या वायूने आतला तो नाजूक थर तडकतो. म्हणजे कपॅसिटर पुरा करण्याच्या कृतीतच तो बिघडवण्याची सोय होती. यावर तोड काढली स्प्रेगच्याच आर. जे. मिलार्डने, १९५५ साली. प्रत्येक भाजणीनंतर वडी परत टाकीत सोडायची आणि परत व्होल्टेज द्यायचं. जिथे तडा असेल तिथूनच करंट वाहतो आणि जिथून वाहतो तिथेच नवा ऑक्साइड वाढतो. तडा कुठे आहे हे कुणी शोधायची गरजच नाही. या पायरीला 'रिफॉर्म' म्हणतात. तिच्यामुळे लीकेज (थरातून झिरपणारा करंट) एवढं खाली आलं की घन टँटलम विकण्याजोगा झाला. कितीही मीटर लावून बसलात तरी हे काम तपासणीत होणारं नव्हतं.

मँगनीज डायऑक्साइडचा आणखी एक गुण पुढे कामी आला. चालू सर्किटमध्ये एखादा बिंदू कमजोर पडून तिथे करंट वाढला, की त्या जागी तापून त्याचं कमी ऑक्सिजनच्या, जास्त रोध असलेल्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं आणि ती वाट आपोआप बंद होते. अवगुणही त्यातूनच आला. वाट बंद व्हायच्या आत भरमसाट करंट मिळाला, तर सुटलेल्या ऑक्सिजनवर टँटलम चक्क पेटतो. म्हणून डिझाइनवाल्यांना नियम घालून दिले गेले : लिहिलेल्या व्होल्टेजच्या निम्म्यावर वापरा, आणि व्होल्टमागे तीन ओहम रोध मालिकेत ठेवा. आजच्या पॉवर सप्लायमध्ये तीन ओहमची चैन कुणालाच परवडत नाही, तो भाग वेगळा.

मग तपासणी हवीच कशाला? याचं उत्तर एका क्षेपणास्त्रात आहे. अमेरिकेची मिनटमन क्षेपणास्त्रं १९६२ पासून मोंटानातल्या जमिनीखालच्या विवरांमध्ये उभी राहिली. बाकीच्या शस्त्रांसारखी ती बंद करून ठेवायची नव्हती. दिशादर्शन यंत्रणा रात्रंदिवस चालू. आतल्या डी-१७बी संगणकात १,११६ कपॅसिटर होते. आता पेन्सिल घ्या. हजार तासांत ०.१ टक्के कपॅसिटर जात असतील (दुकानदार ज्याला 'एकदम टॉप' म्हणेल असा माल), तर दर सव्वापाच आठवड्यांना या संगणकातला एक कपॅसिटर जाणार. तेच प्रमाण ०.००१ टक्क्यावर आणलं, तर दहा वर्षांतून एक. पहिला आकडा घेऊन विवरांनी भरलेला प्रांत सांभाळताच येत नाही, रोज कुठे ना कुठे झाकण उघडावं लागेल. शीतयुद्धाबद्दल माझी मतं काहीही असोत, पण हा हिशेब कुणाच्या मतावर चालत नाही.

अडचण अशी की ०.००१ टक्के हा आकडा सिद्ध करायला लाखो नग वर्षानुवर्षं चालवून बघायला हवेत. तेवढा वेळ कुणाकडेच नव्हता. त्यातून घन टँटलमसाठी वाइबुल ग्रेडिंग (नग कधी कधी जातात यावरून लॉटला श्रेणी देण्याची सांख्यिकी पद्धत) आलं, आणि साहेब, तुमचा टोला बसतो तो इथे. अमेरिकन लष्कराच्या मिल-पीआरएफ-३९००३ या मानकाप्रमाणे अख्खा लॉट ८५ अंशांना, लिहिलेल्या व्होल्टेजच्या सुमारे दीडपटीपर्यंत चढवून किमान चाळीस तास ठेवतात. रॅकवर प्रत्येक कपॅसिटरला त्याचा स्वतःचा फ्यूज. फ्यूज उडाला की नग बाद. सुरुवातीला किती उडाले आणि शेवटपर्यंत किती, यावरून लॉटला बी, सी किंवा डी अशी श्रेणी मिळते. डी म्हणजे हजार तासांना ०.००१ टक्के. दीडपटीच्या किंचित वरच्या व्होल्टेजला काळ सुमारे वीस हजार पट धावतो असं त्यातलं सूत्र सांगतं. म्हणजे चाळीस तासांत नव्वद वर्षं! बरं, त्या सूत्रातले स्थिरांक दशांशचिन्हापुढे आठ-आठ आकड्यांपर्यंत छापलेले आहेत. असली अचूकता मी सोनाराच्या तराजूतही पाहिलेली नाही. नासामधल्या आणि खुद्द कपॅसिटर बनवणाऱ्यांमधल्या इंजिनिअरांनी या सूत्रावर शंका घेतल्या आहेत आणि मला त्या रास्त वाटतात. डी श्रेणीचा शिक्का बघून कुणी नव्वद वर्षांची हमी मानत असेल, तर तो भाबडा आहे.

पण त्या रॅकचा खरा उपयोग दुसराच. चांगल्या लॉटमध्ये फ्यूज आधी पटापट उडतात आणि मग शांत होतात. कच्चे नग गळून गेले, उरले ते टिकणार. ज्या लॉटमध्ये फ्यूज शेवटपर्यंत एकाच चालीने उडत राहतात, त्यात कच्चे नग वेगळे नाहीतच. भाजणी किंवा भुकटीच चुकलेली आहे. तो अख्खा लॉट नापास होतो. आणि नापास झाल्याची बातमी परत भट्टीवाल्याकडे जाते.

'त्याच मशीनवरचा तोच माल' याचंही उत्तर यातच आहे. मशीन तेच असेल, मी नाही म्हणत नाही. पण लष्कराच्या मान्यताप्राप्त यादीतल्या कारखान्याला भुकटीचा पुरवठादार, कृती किंवा जागा मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही. बदललं तर परत मान्यता घ्यावी लागते. बाजारातल्या मालाचं तसं नसतं. एकाच पार्ट नंबरखाली, एकाच रंगाच्या, पण आतून साफ वेगळ्या कृतीने बनलेल्या कपॅसिटरचे दोन डेट कोड (नगावर छापलेल्या बनावटीच्या तारखा) मी स्वतः हाताळलेत, आणि पुरवठादार शपथेवर सांगत होता की काहीच बदललेलं नाही. तीस-चाळीस पट किमतीतला मोठा वाटा या न बदलण्याचा आहे.

ओल्या टँटलमची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती तपासणीची मर्यादा दाखवते. त्यात सल्फ्युरिक आम्ल असतं आणि डबी चांदीची असायची. नवा नग सगळ्या चाचण्या पास. पण सर्किटमध्ये थोडंसं उलटं व्होल्टेज किंवा जास्त रिपल (व्होल्टेजची सततची चढउतार) मिळालं, की डबीची चांदी विरघळून आतल्या वडीवर जाऊन बसायची आणि कपॅसिटर शॉर्ट. वाढीव चाचण्यांनी यावर उपाय झाला नसता. १९७०च्या दशकात डबीच टँटलमची केली, काचेच्या सीलने हवाबंद केली, आणि ती वाट बुजली.

जपानबद्दल तुम्ही म्हणता त्यात बराच दम आहे, फक्त गोष्ट तिथे सुरू होत नाही. ती सुरू होते अभ्रकापासून. विल्यम डुबिलिएने १९०९ च्या सुमारास अभ्रकाचा कपॅसिटर आणला, आणि पुढे कित्येक वर्षं वायरलेसवाल्यांचा सगळा भरवसा अभ्रकावर होता. उत्तम माणिक-अभ्रक कुठलं? कोडरमा, हजारीबाग, गिरिडीहचं. तिथल्या बायका-मुलं सुऱ्यांनी त्याचे कागदाहून पातळ पापुद्रे हातांनी सोडवत, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेला तेच इतकं लागू लागलं की खरेदीसाठी दोघांनी कोलकात्यात एक संयुक्त मिशन बसवलं. त्यांच्या यादीत ते 'सामरिक खनिज' होतं. सोडवणाऱ्यांच्या मजुरीत त्या शब्दाचं वजन काही उतरलं नाही.

अभ्रक एका दूरच्या जिल्ह्यातून येतं, ही धास्ती सगळ्यांनाच होती. जर्मनांनी सिरॅमिकवर आणि धातूचा मुलामा दिलेल्या कागदावर भर दिला. बेरियम टायटॅनेट या सिरॅमिकचे विलक्षण गुण युद्धाच्या काळात अमेरिका, रशिया आणि जपान अशा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडले. अमेरिकेत ग्लेन हॉवॅटने अभ्रकाला पर्याय म्हणून सिरॅमिकच्या ओल्या लगद्याचे पातळ पत्रे ओतायची पद्धत काढली. आज तुमच्या मोबाइलमध्ये शेकड्यांनी बसलेले अनेक थरांचे सिरॅमिक कपॅसिटर या पद्धतीच्याच वंशातले.

तिथून पुढे मात्र जपान्यांना तोड नाही. थरांमधले इलेक्ट्रोड (वीज वाहून नेणारे धातूचे पापुद्रे) पॅलेडियमचे असत. ते महाग, आणि २००१ च्या सुरुवातीला तर औंसाला हजार डॉलरच्या वर गेलं. त्यांना हवं होतं निकेल. पण निकेल हवेत भाजलं की गंजतं, आणि ऑक्सिजनशिवाय भाजलं की बेरियम टायटॅनेटच ऑक्सिजन सोडतं आणि त्याचा रोध ढासळतो. ऑक्सिजन गेल्याने उरलेल्या रिकाम्या जागा व्होल्टेजखाली हळूहळू सरकत राहतात आणि कपॅसिटर काही वर्षांनी दगा देतो. मँगनीज, मॅग्नेशियम आणि नंतर डिस्प्रोशियम-होल्मियमसारख्या दुर्मिळ मूलद्रव्यांची चिमूट टाकून जपानी कारखान्यांनी हे आवरलं. हे सगळं स्वस्त मालासाठी, मान्य. अवकाशवाल्यांनी तो माल कैक वर्षं दारात उभा केला नाही आणि गेल्या दशकात हळूहळू आत घेतला. तुम्ही याला आडमुठेपणा म्हणाल. मी म्हणेन, सरकणाऱ्या रिकाम्या जागांचा दगा दहा वर्षांनी दिसत असेल, तर दहा वर्षं थांबावंच लागतं.

राहता राहिला व्हॉयेजर-२. ऑगस्ट १९७७ मध्ये ते सुटलं आणि एप्रिल १९७८ मध्ये मुख्य रिसीव्हर गेला. राखीव रिसीव्हर लावला, तर त्याच्या ट्रॅकिंग लूपमधला कपॅसिटर गेलेला! परिणाम असा की पृथ्वीवरून येणारी फ्रिक्वेन्सी सरकली तर हा रिसीव्हर तिच्यामागे जाऊ शकत नाही. पूर्वी सुमारे एक लाख हर्ट्झची असलेली त्याची खिडकी शंभरावर आली. तेव्हापासून पृथ्वीवरची माणसं यानाचा वेग, पृथ्वीची गती आणि रिसीव्हरचं तापमान, सगळ्याचा हिशेब करून त्या खिडकीत बरोबर बसेल अशी फ्रिक्वेन्सी पाठवतात. पाव अंशाने तापमान हललं तरी खिडकी बाजूला सरकते. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून एवढ्यावर झाले.

तुम्ही याला पराभव म्हणता. पण हजार तासांना ०.००१ टक्के याचा अर्थ 'शून्य' असा कुणी कधीच लावला नव्हता. म्हणून तर यानात दुसरा रिसीव्हर होता. आकडा लॉटबद्दल बोलतो, तुमच्या हातातल्या एका नगाबद्दल नाही.

आता इन्व्हर्टर. मिलिटरी ग्रेड लावू नका, पैसे वाया जातील. तिथे लागतो मोठा ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक, आणि त्याचा शत्रू एकच, उष्णता. १०५ अंशांचा घ्या, ८५ चा नको. व्होल्टेज वरच्या पायरीचं घ्या. नावाच्या कंपनीचा आणि अलीकडच्या डेट कोडचा घ्या. दहा अंश थंड ठेवलात तर आयुष्य साधारण दुप्पट होतं, तेव्हा इन्व्हर्टर कपाटात कोंबला असेल तर आधी तो बाहेर काढा. फुगलेल्या डोक्याचा कपॅसिटर दिसला तर एकटा बदलू नका, त्याच्या ओळीतले सगळे बदला. सगळे एकाच लॉटचे असतात.