तिसऱ्या चोरीआधी एवढं वाचा

कॅलिफोर्नियात चोरी करायचीच असेल, तर आधी पँट सैल शिवून घ्या. मार्च २००० मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतल्या एल सेगुंडोच्या गोल्फ मैदानावरच्या दुकानातून एक गृहस्थ तीन गोल्फ स्टिक पँटच्या पायात खुपसून निघाले. गुडघा वाकणार कसा? लंगडत चाललेलं हे गिऱ्हाईक पाहून नोकराने पोलिसांना फोन लावला. एका स्टिकची किंमत ३९९ डॉलर. शिक्षा २५ वर्षं ते जन्मठेप.

सगळा दोष पँटचा नव्हता म्हणा. गृहस्थ पॅरोलवर होते. बहिणीच्या लग्नापुरती रजा मिळते, तो आपल्याकडचा पॅरोल. तिकडे सुटलात तरी एक पाय पॅरोल अधिकाऱ्याच्या दारातच. पुन्हा सापडलात आणि त्याने अडकवून ठेवलं, तर जामीन भरूनही दार उघडत नाही. त्यामुळे आपल्या वतीने जामीन भरणाऱ्या बाँडवाल्या एजंटाचे दहा टक्के मोजायची घाई नको, ते काही परत मिळत नाहीत.

एवढी शिक्षा देणारा १९९४ चा कायदा बेसबॉलच्या हिशेबाने चालायचा: तीन स्ट्राइक, खेळाडू बाद. आधीचे दोन गुन्हे गंभीर किंवा हिंसक लागत; तिसरा कुठलाही चाले, फक्त कागदोपत्री ‘फेलनी’, म्हणजे मोठ्या वर्गातला गुन्हा, हवा.

म्हणून भूतकाळ निवडताना अक्कल वापरा. १९९५ मध्ये एकाने दोन दुकानांतून नऊ व्हिडिओ कॅसेट ढापल्या. एकूण १५४ डॉलरसुद्धा नाहीत. एरवी ही भुरटी चोरी. पण अंगावर आधीची चोरी असली, की सरकारी वकील तिचीच फेलनी करू शके, आणि याच्या नावावर जुन्या घरफोड्या होत्या. दुकानं दोन, म्हणून २५ दोनदा, झाली ५०! सगळा माल एकाच फेरीत उचलला असता तर निम्म्यात भागलं असतं. आणि घरफोड्यांच्या जागी खून असता, तर कॅसेटची चोरी भुरटीच राहिली असती. त्या कलमाला पूर्वीची चोरीच लागायची, खून चालत नसे.

२००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दोन्ही शिक्षा कायम केल्या. चौघांना ते पटलं नाही, पण चौघांच्या मताने कोणी सुटत नाही.

२०१२ मध्ये मतदारांनीच या कायद्याची धार बोथट केली. आता तिसरा गुन्हाही सहसा गंभीर किंवा हिंसक लागतो. म्हणजे गोल्फ स्टिकवर जन्मठेप मिळवायची, तर ती निदान कोणाच्या तरी डोक्यात घालावी लागेल.