धुऱ्यावरचे पक्षिनिरीक्षण

फाल्गुनातील एका सकाळी भंडारा जिल्ह्यातील एका मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) तलावाच्या, पाळीवर, उंबराखाली, मी मान वर करून उभा होतो ते केवळ हरियालासाठी. महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी उंबराची फळे खायला थव्याने येतो खरा, परंतु त्याचा पिवळट हिरवा रंग पानांत असा मिसळतो, की तो हलला तरच दिसतो. राज्याने प्रतीक म्हणून नेमका न दिसणारा पक्षी निवडावा, यामागे काही प्रशासकीय दूरदृष्टी असावी.

पाने किंचित हलली आणि मागून आवाज आला, “काय पाहून राह्यले जी?”

डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले एक काका माझ्याकडे संशयाने बघत होते. पक्षी पाहतो आहे, असे मी हळू आवाजात सांगितले.

“सरकार पैसे देते काय याचे?”

“नाही.”

“मंग घरचे काही म्हनत नाही?”

या प्रश्नाचे उत्तर मी जुळवत असतानाच काकांनी दुर्बीण हातात घेतली. तिचा पट्टा माझ्या गळ्यातच असल्यामुळे दुर्बिणीपाठोपाठ मीही ओढला गेलो. काकांनी उंबराकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी दुर्बीण रोखली ती पलीकडच्या बांधीवर, म्हणजे भातखाचरावर, आणि तिच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधावर. “धुरा कोरला ना बे यानं! सख्खा चुलतभाऊ हाय, पाहा!” पाहणार कसा? माझे नाक त्यांच्या खांद्यावर टेकले होते. ते धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वळत गेले आणि त्यांच्यासोबत, पट्ट्याच्या लांबीत राहून, मीही वळत गेलो. एवढ्यात डोक्यावर पंखांचा मोठा फडफडाट झाला.

“गेले तुमचे हिरवे पारवे,” काका दुर्बीण न काढता म्हणाले. “पिवळ्या पायाचे. रोजच येतात.”

मी तक्रारीच्या सुरात काही बोलणार, तोच त्यांनी मला गप्प केले. “पाखरं पाहाले दुरून दुरून लोक येतात. डुकरानं माहा हरभरा उकरला, तवा पंचनाम्याले कोणी फिरकलं नाही. डुकरं मोजा ना कधी!” ज्या कार्यालयाशी माझा काडीचाही संबंध नाही, त्याच्या वतीने मी तिथे अपराध्यासारखा उभा राहिलो, याचा राग मला अजून आहे, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढता आले नाही, याचा त्याहून जास्त.

दुर्बीण परत करताना काकांनी भिंगे दुपट्ट्याने नीट पुसली.

“उद्या अंधारातच या जी. तो पहाटंच येते फावडं घेऊन.”